गोलरक्षक झामोरा

फुटबॉलच्या सामन्यात प्रत्येक बाजूस ११ गडी असतात. त्यांपैकी दहा जण दीड तास मैदानभर धावत असतात. अकरावा मात्र दोन खांबांच्या मध्ये उभा असतो. त्या खांबांमधील अंतर २४ फूट आणि वरच्या आडव्या दांडीची उंची ८ फूट. एवढी मोठी चौकट आणि तिच्या रक्षणास माणूस एकच! पुढे खेळणाऱ्या गड्याने दहा वेळा संधी दवडली आणि अकराव्या वेळी गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. गोलरक्षकाने दहा वेळा चेंडू अडवला आणि अकराव्या वेळी तो निसटला, तर आधीचे अडवणे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. म्हणूनच की काय, ही जागा पत्करण्यास मुले सहसा राजी नसतात. शाळेच्या मैदानावर जो मुलगा धावण्यात मागे पडे, त्यालाच इतर मुले गोलात उभे करीत, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. परंतु याच जागेवर उभे राहून एका पुरुषाने आपल्या देशात अशी कीर्ती मिळवली, की त्याचा खेळ पाहण्यासाठी लोक दूरदूरच्या गावांहून येत. तो पुरुष म्हणजे स्पेनचा रिकार्दो झामोरा.

रिकार्दोचा जन्म १९०१ साली बार्सिलोना या शहरी झाला. बार्सिलोना हे भूमध्य समुद्राच्या काठचे मोठे बंदर. वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत आणि मुलानेही डॉक्टर व्हावे, अशी घरातील सर्वांची इच्छा होती. रिकार्दोचे मन मात्र चेंडूत गुंतले होते. फुटबॉलचा खेळ त्या वेळी स्पेनमध्ये नवाच होता. परदेशांतून आलेल्या लोकांनी तो तेथे आणला आणि पाहता पाहता शहरांतील तरुणांना त्याचे वेड लागले. बार्सिलोना शहरात दोन संघ विशेष प्रसिद्धीस आले. एक शहराचेच नाव धारण करणारा बार्सिलोना संघ आणि दुसरा, विद्यार्थ्यांनी १९०० साली स्थापन केलेला एस्पान्योल संघ. या दोहोंतील चुरस इतकी तीव्र, की एका घरातील दोघे भाऊ दोन संघांचे अभिमानी असले, तर सामन्याच्या दिवशी घरात अबोला धरला जाई.

१९१६ साली एस्पान्योल संघाने या मुलाला गोलात उभे केले, तेव्हा त्याचे वय अवघे १५ वर्षांचे होते. समोर धिप्पाड, मिशा फुटलेले गडी आणि गोलात हा शाळकरी पोर! पण पोर बिचकला नाही. पुढे वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्याने खेळ बाजूस ठेवण्याचा प्रयत्न केला. तो फार दिवस टिकला नाही. १९१९ साली एस्पान्योलच्या चालकांशी न पटल्यामुळे तो शहरातील प्रतिस्पर्धी बार्सिलोना संघात गेला. तेथे तीन वर्षांत देशाची चषक स्पर्धा त्या संघाने दोनदा जिंकली. डॉक्टरकीचे स्वप्न आईवडिलांना सोडून द्यावे लागले.

झामोराची मैदानावरील मूर्ती लोकांच्या नजरेत भरून राहिली. उंच बांधा, अंगात जाड लोकरी स्वेटर, डोक्यावर कापडी टोपी. आजच्यासारखे रबरी हातमोजे तेव्हा कोणी वापरीत नसे; पावसात भिजून दगडासारखा जड झालेला चामडी चेंडू उघड्या हातांनी धरावा लागे. शिवाय त्या काळी चेंडू धरलेल्या गोलरक्षकास खांद्याने धडक देण्याची मुभा होती. अशा धडकीतून सुटण्यासाठी उंचावरून येणारा चेंडू हाताने न धरता कोपराने दूर टोलवण्याची एक युक्ती त्याने साधली होती. स्पेनमध्ये त्या युक्तीला त्याचेच नाव पडले. तथापि त्याचे खरे बळ हातांत नव्हते, ते नजरेत होते. चेंडू कोणाच्या पायातून कोणाकडे जाणार, तो कोठून मारला जाणार, हे तो आधीच ताडी आणि दोन पावले सरकून योग्य जागी उभा राही. पाहणाऱ्यास वाटे, की मारणाऱ्याने चेंडू मुद्दामच त्याच्या हातांत दिला. उडी मारून चेंडू अडवणे डोळ्यांना मोठे वाटते खरे. पण उडी मारण्याची वेळच येऊ न देणे ही त्याहून कठीण विद्या आहे.

१९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले. पहिल्या महायुद्धाने होरपळलेला युरोप त्या निमित्ताने पुन्हा एकत्र येत होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या आणि सर दोराबजी टाटा यांच्या प्रयत्नाने आपल्या देशाचेही काही खेळाडू त्या वर्षी अँटवर्पला गेले होते. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन शर्यत धावले. त्याच सोहळ्यात स्पेनच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाने आपल्या आयुष्यातील पहिला सामना खेळला. गाठ पडली होती डेन्मार्कशी. १९०८ आणि १९१२ या दोन्ही ऑलिंपिकांत रौप्यपदक मिळवलेला तो कसलेला संघ होता. स्पेनने एक गोल केला आणि उरलेला वेळ डेन्मार्कचे गडी लाटांसारखे गोलावर आदळत राहिले. १९ वर्षांच्या झामोराने एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. स्पेनला त्या स्पर्धेत रौप्यपदक मिळाले आणि झामोराचे नाव युरोपभर झाले.

परंतु त्याच स्पर्धेत इटलीविरुद्धच्या सामन्यात त्याचा तोल गेला. प्रतिपक्षाच्या एका खेळाडूवर त्याने हात उगारला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर घालवले. त्याचे चरित्र सांगताना ही गोष्ट काही लेखक वगळतात. मला ती वगळावीशी वाटत नाही. १९ व्या वर्षी अंगी आलेली कीर्ती पचवणे सोपे नसते. झामोराला मौजमजेची आवड होती, सिगारेटचे व्यसन होते आणि आपल्या नावाची किंमतही त्याला पुरेपूर ठाऊक होती. त्याला स्पेनमध्ये देवाचे विशेषण लावीत, पण तो तुमच्याआमच्यासारखा माणूसच होता.

१९२२ साली तो आपल्या जुन्या एस्पान्योल संघात परतला आणि पुढील आठ वर्षे तेथेच खेळला. या काळातील दोन सामने सांगण्याजोगे आहेत. दोन्ही १९२९ सालचे. पहिला फेब्रुवारीत व्हॅलेन्सिया शहरातील मेस्ताया मैदानावर झाला. चषकाचा तो अंतिम सामना. एका बाजूस एस्पान्योल, दुसऱ्या बाजूस रेआल माद्रिद. त्या दिवशी पावसाची झड लागली होती. मैदानाचे तळे झाले, चेंडू चिखलात रुतू लागला. अशा निसरड्या हवेत गोलरक्षकाचे सर्वांत जास्त हाल होतात. एस्पान्योलने तो सामना २–१ असा जिंकला आणि देशाचा चषक प्रथमच आपल्या घरी नेला. दुसरा सामना मे महिन्यात माद्रिदच्या मेट्रोपोलितानो मैदानावर झाला. समोर इंग्लंडचा संघ होता. ब्रिटिश बेटांबाहेरील कोणत्याही देशाने तोवर इंग्लंडला हरवलेले नव्हते. इंग्लंडने प्रथम दोन गोल केले. पण अखेर स्पेन ४–३ ने विजयी झाला. छातीचे हाड मोडले असताही झामोरा शेवटपर्यंत उभा राहिला, असे सांगतात.

१९३० साली माद्रिदच्या संघाने त्याला १,५०,००० पेसेटा मोजून आपल्याकडे नेले. एका गोलरक्षकासाठी एवढी रक्कम! लोकांनी तोंडात बोटे घातली. पैसा वाया गेला नाही. १९३१–३२ च्या साखळी स्पर्धेत माद्रिदचा संघ १८ सामन्यांत एकदाही हरला नाही आणि त्याच्यावर गोल झाले ते केवळ १५. पुढील वर्षीही तोच संघ पहिला आला. पण त्याच सुमारास त्याला एक कडू घोटही प्यावा लागला. डिसेंबर १९३१ मध्ये स्पेनचा संघ लंडनला गेला. दोन वर्षांपूर्वीच्या पराभवाचा सल इंग्लंडच्या मनात होता. थंड हवा, ओले मैदान आणि झामोरा हा कोण आहे ते पाहण्यासाठी आलेली अफाट गर्दी. इंग्लंडने सात गोल केले, स्पेनने एक. ज्याच्या नावावर लोक तिकिटे काढून आले होते, त्याच्याच हातून चुका झाल्या. गोलरक्षकाला आपली चूक दुसऱ्या कोणाच्या पाठीमागे लपवता येत नाही. जाळ्यात पडलेला चेंडू त्याला स्वतःलाच वाकून बाहेर काढावा लागतो. झामोराने त्या दिवशी तो सात वेळा काढला.

१९३४ साली विश्वचषक स्पर्धा इटलीत झाली. पहिल्या फेरीत स्पेनने ब्राझीलला ३–१ ने हरवले आणि त्या सामन्यात झामोराने ब्राझीलचा पेनल्टी फटका अडवला. बारा यार्डांवरून मारलेला तो फटका अडवणे म्हणजे अर्धे कौशल्य व अर्धे दैव. पुढील फेरीत फ्लॉरेन्स शहरी खुद्द यजमान इटलीशी सामना पडला. मुसोलिनीच्या सत्तेचा तो काळ. इटलीने जिंकलेच पाहिजे, असे वातावरण होते. खेळ अत्यंत दांडगाईचा झाला. वाढीव वेळ धरून १२० मिनिटे झुंज चालली आणि दोन्ही बाजूंचा एकेकच गोल झाला. झामोराने त्या दिवशी अडवलेल्या चेंडूंची गणती नव्हती, तशीच त्याला बसलेल्या लाथाबुक्क्यांचीही नव्हती. सामना बरोबरीत सुटल्याने दुसऱ्याच दिवशी पुन्हा खेळायचे ठरले. त्या वेळी स्पेनचे कित्येक गडी जायबंदी होऊन पडले होते आणि त्यांत झामोराही होता. त्याच्याविना स्पेन एका गोलाने हरला. पुढे इटलीने तो विश्वचषक जिंकला.

यानंतरची दोन वर्षे सोडून आपण पुन्हा मेस्तायाच्या मैदानावर जाऊ. तारीख २१ जून १९३६. सात वर्षांपूर्वी जेथे चिखल होता, तेथे आता उन्हाने भाजलेली, धुळीने भरलेली जमीन होती. चषकाचा अंतिम सामना माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यात होता. झामोरा माद्रिदच्या गोलात उभा होता. म्हणजे आपल्याच जन्मगावाच्या संघाविरुद्ध, ज्या संघातून तो स्वतः तीन वर्षे खेळला होता त्याच्याविरुद्ध. माद्रिदने आरंभीच दोन गोल केले. बार्सिलोनाच्या एस्कोला या तरुण खेळाडूने एक फेडला. उत्तरार्धात माद्रिदचा एक गडी दुखापतीने बाद झाला आणि दहा जणांवर खेळण्याची पाळी आली. बार्सिलोनाचे हल्ले वाढत चालले. सामना संपण्यास काही क्षण उरले असताना एस्कोलाच्या पायात पुन्हा चेंडू आला. गोल समोर होता आणि अंतर थोडे. त्याने चेंडू जमिनीलगत खांबाच्या बाजूस सणसणीत मारला. झामोराने त्या दिशेने अंग झोकून दिले. दोघांच्यामध्ये धुळीचा एवढा मोठा लोट उठला, की चेंडू कोठे आहे हे कोणालाच दिसेना. बार्सिलोनाच्या अभिमान्यांनी गोल झाला असे समजून जयघोष सुरू केला. धूळ हळूहळू खाली बसली. झामोरा उठून उभा राहिला होता आणि चेंडू त्याच्या हातांत होता. माद्रिदने चषक जिंकला. त्या उडीचे छायाचित्र स्पेनमधील लोक आजही पाहतात.

झामोरा त्या वेळी ३५ वर्षांचा होता. निवृत्तीचा विचार मनात घोळत असावा. पण तो निर्णय शांतपणे घेण्याची सवड काळाने त्याला दिली नाही. अंतिम सामन्याला चार आठवडेही झाले नव्हते, तोच स्पेनमध्ये यादवी युद्धाचा वणवा पेटला. सेनापती फ्रँको आणि त्याचे सहकारी प्रजासत्ताकाविरुद्ध उठले. देशाचे दोन तुकडे झाले. जी माणसे काल शेजारी बसून एकच सामना पाहत होती, ती आज एकमेकांच्या जिवावर उठली. माद्रिद प्रजासत्ताकाच्या बाजूस होते आणि तेथे विरुद्ध पक्षाचा म्हणून ज्याचा संशय येई, त्याला घरातून ओढून नेत. झामोरा राजकारणी पुरुष नव्हता. परंतु जुन्या मताच्या एका धार्मिक वृत्तपत्रात तो खेळाविषयी लिहीत असे. एवढे कारण पुरले. त्याला पकडून माद्रिदच्या मोदेलो तुरुंगात टाकण्यात आले. त्या तुरुंगातून रात्री बाहेर नेलेली माणसे बहुधा परत येत नसत.

पुढची हकीकत विलक्षण आहे. झामोरा मारला गेला, अशी बातमी देशात पसरली. विरुद्ध पक्षाच्या मुलखातील वृत्तपत्रांनी ती छापली. त्याच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून प्रार्थनाही झाली. इकडे झामोरा कोठडीत जिवंत होता. आपल्यासंबंधीची शोकवार्ता फुटावी आणि आपण ती खोटी आहे हे सांगण्यास असमर्थ असावे, ही अवस्था कल्पनेनेच अंगावर काटा आणते. ज्या कीर्तीमुळे त्याच्यावर नजर गेली, त्याच कीर्तीने त्याला तारले. पेद्रो लुईस दे गाल्वेस नावाचा एक कवी प्रजासत्ताकाच्या पक्षात वजन राखून होता. त्याने तुरुंगात येऊन सर्वांसमक्ष झामोराला मिठी मारली आणि या माणसाच्या केसाला कोणी धक्का लावू नये असे बजावले, असे सांगतात. काही दिवसांनी झामोराची सुटका झाली. त्याने अर्जेंटिनाच्या वकिलातीत आसरा घेतला आणि तेथून तो फ्रान्सला पोहोचला. युद्ध संपल्यावर विजयी फ्रँकोच्या राजवटीने १९४० साली त्या कवीला देहान्ताची शिक्षा दिली. त्या वेळी झामोरा माद्रिदमध्येच होता. यादवीत कोणाचे ऋण कोणाला फेडता येते?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या गावच्या संघात तो दोन वर्षे खेळला. त्याचा बार्सिलोनातील जुना सोबती सामितिएर हाही तेथेच येऊन राहिला होता. परक्या गावात, मायभूमीच्या बऱ्यावाईट बातम्या ऐकत, दोघे जुने गडी खेळत होते. खेळाडू म्हणून झामोराचे आयुष्य येथे संपले. १९२० ते १९३६ या काळात त्याने स्पेनकडून ४६ सामने खेळले आणि त्यांत त्याच्यावर ४२ गोल झाले. स्पेनचा दुसरा कोणताही खेळाडू सुमारे चार दशके त्या ४६ च्या पुढे गेला नाही.

१९३९ मध्ये युद्ध थांबले. झामोरा माद्रिदला आला तो प्रशिक्षक म्हणून; आणि ज्या संघाची सूत्रे त्याने हाती घेतली, तो संघ म्हणजे अक्षरशः भग्नावशेष होता. माद्रिदमधील आथलेतिक हा संघ युद्धापूर्वीच्या शेवटच्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. त्याचे आठ खेळाडू युद्धाने हिरावून नेले. ज्या मेट्रोपोलितानो मैदानावर १९२९ साली इंग्लंडचा पराभव झाला होता, तेच त्याचे घरचे मैदान. ते लढाईच्या आघाडीलगत असल्यामुळे उद्ध्वस्त झाले होते. संघाजवळ ना गडी, ना मैदान, ना पैसा. दुसरीकडे विमानदळाचा एक संघ होता. त्याच्याजवळ तरुण खेळाडू होते, वाहने होती. पण वरच्या श्रेणीत खेळण्याचा हक्क नव्हता. हे दोन संघ एकत्र करण्यात आले आणि त्याला आथलेतिको आविआसिओन असे नाव मिळाले. आविआसिओन म्हणजे विमानोड्डाण.

पहिल्या श्रेणीत जागा कशी मिळावी, हा प्रश्न उरलाच होता. ओव्हिएदो या गावचे मैदान युद्धात मोडून पडल्यामुळे तेथील संघास एक वर्ष विश्रांती देण्यात आली आणि एक जागा मोकळी झाली. तिच्यासाठी आथलेतिको आणि ओसासुना यांच्यात एकच निर्णायक सामना २६ नोव्हेंबर १९३९ रोजी ठेवण्यात आला. तोही व्हॅलेन्सियात! आथलेतिकोने तो ३–१ ने जिंकला आणि शेवटच्या घटकेला दारातून आत पाऊल टाकले.

प्रशिक्षकाचे काम बाहेरून सोपे दिसते. मैदानाच्या कडेला उभे राहून सांगायचे, एवढेच ना? परंतु झामोरासारख्याला तेच सर्वांत अवघड असणार. वीस वर्षे तो आपल्या हातांवर विसंबून राहिला होता. पुढचे दहाही गडी चुकले, तरी शेवटी मी आहे, ही त्याची खात्री. आता त्याला हात खिशात घालून दुसऱ्याच्या चुका पाहायच्या होत्या. मी शिक्षक असल्यामुळे मला यातील वेदना थोडी कळते; फळ्यावरचे गणित मुलगा चुकतो आहे हे दिसत असते आणि खडू मात्र त्याच्याच हातात ठेवायचा असतो. गोलरक्षकाला एक गोष्ट इतरांहून अधिक लाभते. तो सर्वांच्या मागे असतो, म्हणून संपूर्ण खेळ त्याच्या डोळ्यांसमोर असतो. कोठे फट पडली, कोण जागा सोडून गेला, हे त्याला प्रथम दिसते. झामोराने ही दृष्टी आपल्या संघाला दिली. त्याच्या संघातील मधल्या फळीतील गाबिलोंदो, हेर्मान आणि माचीन ही त्रयी स्पेनमध्ये प्रसिद्धीस आली. या तिघांची नावे जुने लोक एका दमात उच्चारीत.

त्या वर्षी साखळीत बारा संघ होते आणि प्रत्येकाने २२ सामने खेळायचे होते. विजयास दोन गुण, बरोबरीस एक. शेवटच्या दिवशी आथलेतिको आणि सेव्हिया या दोन संघांचे गुण अगदी सारखे होते. आथलेतिकोने व्हॅलेन्सियाच्या संघास २–० ने हरवले. पण तेवढ्याने भागणार नव्हते. दूर आलिकांते शहरी सेव्हिया काय करतो, त्यावर सर्व अवलंबून होते. तेथे एर्कुलेस संघाने सेव्हियाला ३–३ असे बरोबरीत रोखले. आथलेतिकोचे गुण २९, सेव्हियाचे २८. सहा महिन्यांपूर्वी ज्या संघाला या स्पर्धेत जागाही नव्हती, तो संघ देशात पहिला आला. आथलेतिकोचे ते पहिलेच विजेतेपद. एखाद्याला हा दैवयोग वाटेल. पुढील वर्षी, १९४०–४१ मध्ये, झामोराच्या संघाने दुसऱ्यांदा तीच स्पर्धा जिंकली आणि तसे म्हणण्यास जागा उरली नाही.

१९४६ पर्यंत तो माद्रिदला होता. नंतर वायव्य किनाऱ्यावरील व्हिगो बंदराच्या सेल्ता संघाकडे गेला. हा लहान संघ. पण १९४७–४८ मध्ये तो साखळीत चौथा आला आणि चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे सेव्हियाकडून त्याला ४–१ अशी हार पत्करावी लागली. सेल्ताचा तो एकुलता एक गोल करणाऱ्या तरुणाचे नाव मिगेल मुन्योस. हा मुन्योस लवकरच रेआल माद्रिदमध्ये गेला, त्याचा नायक झाला आणि पुढे त्याच संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याने १९६० आणि १९६६ साली युरोपचा चषक जिंकला. खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी तो चषक मिळवणारा तो पहिला पुरुष. झामोराच्या हाताखालून गेलेल्या गड्यांत असाही एक होता.

१९५२ साली झामोराकडे स्पेनच्या राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शन आले, ते केवळ दोन सामन्यांपुरते. आयर्लंडवर स्पेनने सहा गोलांनी विजय मिळवला आणि तुर्कस्तानशी एकही गोल न होता बरोबरी झाली. त्यानंतर त्याने आणखी काही संघांना शिकवले. जुन्या एस्पान्योलकडेही तो परतला. मात्र १९४० आणि १९४१ सालचे यश त्याला पुन्हा लाभले नाही. मानसन्मान मात्र पुष्कळ मिळाले. १९३४ साली प्रजासत्ताकाने त्याचा गौरव केला होता आणि पुढे ते प्रजासत्ताक उलथून टाकणाऱ्या फ्रँकोच्या राजवटीनेही त्याला सन्मानपदक दिले. यावरून काहींनी त्याला नावे ठेवली. दोन्ही पक्षांना तो आपला वाटावा, एवढे खरे. त्याला स्वतःला कोणता पक्ष आपला वाटत होता, याचा निर्णय मी करू इच्छीत नाही. ज्याच्यासाठी जिवंतपणीच प्रार्थना झाली, त्याच्याविषयी घाईने मत देणे बरे नव्हे.

१९५८–५९ च्या हंगामापासून माद्रिदच्या मार्का या क्रीडा दैनिकाने झामोराच्या नावाने एक पारितोषिक सुरू केले. साखळीत ज्या गोलरक्षकावर दर सामन्यास सरासरीने सर्वांत कमी गोल होतात, त्याला ते दर वर्षी देण्यात येते. झामोराने आपल्या हयातीतच ते अनेक तरुणांच्या हाती गेलेले पाहिले. त्याचा स्वतःचा मुलगाही गोलरक्षकच झाला. रिकार्दो झामोरा ८ सप्टेंबर १९७८ रोजी बार्सिलोना येथे निवर्तला. त्याच शहरी ६२ वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलाला एस्पान्योलच्या गोलात उभे करण्यात आले होते.